आरक्षित जागेवर प्रवेश हवाय? जात पडताळणीला अकरावीतच लागा

महाराष्ट्रात वैद्यकीय, अभियांत्रिकी, कृषी अशा अभ्यासक्रमांच्या आरक्षित जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. तो खरा आहे की नाही, हे पडताळणी समिती तपासते. 2000 सालच्या कायद्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. म्हणूनच गुण आणि हक्क दोन्ही असलेली मुलं दरवर्षी कागदांपायी अडकतात. बारावीच्या निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच अर्ज करा.

अनुसूचित जाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गाचे अर्ज जिल्हा समितीकडे जातात. ते बार्टीच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था) संकेतस्थळावर भरायचे असतात. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या समित्या आहेत. आर्थिक दुर्बल घटकाच्या जागेसाठी जात पडताळणी नसते.

विद्यार्थ्यांसाठी नमुना 16 चा अर्ज आहे. त्याला कॉलेजचं पत्र, जातीचा दाखला, अर्जदाराचा व वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, नमुना 3 मधलं वंशावळीचं शपथपत्र आणि नमुना 17 चं शपथपत्र जोडा. वंशावळ घाईत लिहू नका. त्यातलं प्रत्येक नाव पुढे जोडलेल्या कागदाशी जुळावं लागतं.

खरी कसोटी जुन्या पुराव्याची. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वी तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं आणि त्याची जात तीच होती, हे दाखवावं लागतं. आजोबा-पणजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले, तिथल्या जनरल रजिस्टरचा (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही) उतारा बहुतेक वेळा सर्वांत उपयोगी पडतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा शोध घ्या. तहसील कार्यालयातल्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदीसोबत जातही सापडते. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून प्रमाणित लिप्यंतर करून घ्या. सातबाऱ्यावर सहसा जात नसते, पण वास्तव्य सिद्ध करायला तो चालतो.

वडील, काका, आत्या, सख्खी भावंडं यांपैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ती आधी मागून घ्या. रक्ताच्या नात्यातलं हे प्रमाणपत्र सर्वांत मोठा आधार असतं. नातं मात्र वडिलांकडचं हवं. विवाहित मुलीनेही माहेरचेच पुरावे द्यायचे. लग्नाने जात बदलत नाही.

ज्यांच्या घराण्याला जमीन नव्हती, जे गावोगाव फिरत जगले, त्यांच्याकडे कागद सापडत नाही. ज्यांच्यासाठी आरक्षण आहे, त्यांनाच ही अट सर्वांत जड जाते. हे मला अन्यायाचं वाटतं. अशा कुटुंबांनी आहे तेवढं जोडून अर्ज करावाच. पुरावा अपुरा वाटला तर समिती दक्षता पथकाकडून गृहचौकशी करवते. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी कुलदैवत, चालीरीती, सोयरीक, मूळ गाव यांची माहिती मोकळेपणाने सांगावी.

अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गांना नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्रही, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखलाही, लागतो. त्यासाठीची वार्षिक उत्पन्नाची 8 लाखांची मर्यादा मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. ‘पगार जास्त आहे’ म्हणून कोणी परत पाठवलं तर हा नियम दाखवा. प्रमाणपत्राची मुदतही बघून ठेवा.

खोटा दाखला निघाला तर प्रवेश जातो, मिळालेली पदवीही रद्द होते आणि फौजदारी कारवाई होते. समितीने त्रुटी काढली तर पत्राला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. दावा फेटाळला तर कारणांसह आदेशाची प्रत मागा. समितीच्या निर्णयावर वेगळं अपील नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.