केआय-६७ आणि मिब-१: एकच आहे का वेगळं?

ब्रेस्टच्या रिपोर्टवर ‘केआय-६७ इंडेक्स’ असतं आणि मेंदूच्या गाठीच्या रिपोर्टवर कधीकधी ‘मिब-१ लेबलिंग इंडेक्स’, मग लॅबमध्ये नवीन आलेलं कुणीतरी हमखास विचारतं की मॅडम ह्या दोन टेस्ट आहेत का. नाही रे, मोजायचं एकच असतं, गाठीतल्या किती टक्के पेशी वाढीला लागल्यात ते. पण म्हणून दोन्ही शब्द एकच असंही नाही, आणि हे मला पैसे घालवून कळलंय, सांगते खाली.

केआय-६७ हे प्रोटीन. पेशी डिव्हाइड व्हायच्या चक्रात असली की न्यूक्लियसमध्ये सापडतं, जी१ (चक्राचा पहिला टप्पा) पासून मायटोसिसपर्यंत (प्रत्यक्ष दुभंगणं), आणि जी० मध्ये, म्हणजे चक्राबाहेर, निवांत बसलेल्या पेशीत सापडत नाही. मिब-१ हे प्रोटीन नाहीच, ती हे प्रोटीन पकडणारी अँटीबॉडी, म्हणजे उंदराच्या मोनोक्लोनलचा एक क्लोन (एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी, सगळी एकसारखी अँटीबॉडी). एक मासा, दुसरा गळ. आणि ह्या माशाला गळ बरेच आहेत, एसपी६ आहे, ३०-९ आहे, मिब-१ फक्त सगळ्यात गाजलेला.

गोंधळ मुळातच आहे, कारण केआय-६७ हे नावसुद्धा आधी अँटीबॉडीचंच होतं! १९८३ मध्ये जर्मनीत कील शहरात गेर्डेस आणि मंडळींनी हॉजकिन लिम्फोमाच्या सेल लाइनचे न्यूक्लियस उंदरांना टोचून अँटीबॉड्या बनवल्या, त्यातली एक फक्त वाढणाऱ्या पेशींनाच चिकटत होती. कीलचं ‘केआय’ आणि ९६ खड्ड्यांच्या प्लेटमधला ६७ नंबरचा खड्डा, झालं नाव. ती नेमकं कशाला चिकटते हे तेव्हा माहीतच नव्हतं, मग पुढे प्रोटीन सापडलं तेव्हा त्यालाच अँटीबॉडीचं नाव चिकटलं.

पण ही मूळ अँटीबॉडी चालायची फ्रोझन सेक्शनवर (ताजा टिश्यू गोठवून केलेला काप), आणि हॉस्पिटलांच्या कपाटात असतात ते सगळे फॉर्मलिन-पॅराफिनचे ब्लॉक, म्हणजे फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेला टिश्यू. फॉर्मलिन प्रोटीनला असं जखडून टाकतं की अँटीबॉडीला धरायची जागाच मिळत नाही. म्हणून मग ९०च्या सुरुवातीला जर्मनीतल्याच बोर्स्टेलच्या संस्थेत ह्या प्रोटीनचे तुकडे रिकॉम्बिनंट पद्धतीने (जीन दुसऱ्या पेशीत घालून) बनवून नव्याने अँटीबॉड्या काढल्या, त्यातली मिब-१. १९९२ मध्ये दाखवलं गेलं की स्लाइड मायक्रोवेव्हमध्ये उकळून घेतली की ती मेणातल्या टिश्यूवरही छान चालते, म्हणजे वर्षानुवर्षं पडून असलेले ब्लॉकसुद्धा काढून बघता यायला लागले. मला विचाराल तर खरी क्रांती ही, १९८३ ची नाही.

आमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही, साधा स्टीलचा कुकर आहे, त्यात पीएच ६ चा सिट्रेट बफर आणि स्लाइडचा स्टँड. कंट्रोलला, म्हणजे स्टेन नीट झालाय का ते बघायला, टॉन्सिल. केआय-६७ असलेले न्यूक्लियस ब्राऊन दिसतात, नसलेले निळे. जर्मिनल सेंटर (पेशी भराभर वाढतात तो भाग) गच्च ब्राऊन दिसलं पाहिजे आणि वरच्या आवरणात तळाजवळच्या थरात ब्राऊन ठिपके, अगदी वरच्या चपट्या पेशी निळ्याच. त्या वरच्या पण ब्राऊन झाल्या तर पेशंटची स्लाइड बघूच नका, स्टेन बिघडलाय.

आता क्लोन लिहायचा कशाला, प्रोटीन तर तेच ना? थायरॉइडची एक गाठ आहे, हायलिनायझिंग ट्रॅबेक्युलर ट्यूमर, तिच्यात मिब-१ न्यूक्लियस सोडून पेशीच्या कडेला रंग देते, आणि हे मिब-१ चंच वैशिष्ट्य, बाकीच्या क्लोनना तसं दिसत नाही. प्रोटीन तेच, गाठ तीच, फक्त गळ बदलला. आणि उंदराच्या टिश्यूवर काम करणार असाल तर मिब-१ घेऊच नका, ती माणसाचं केआय-६७ ओळखते, उंदराचं नाही. तिथे सशात बनवलेली एसपी६ घ्यायची.

आता माझे पैसे कुठे गेले ते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कॅटलॉगमध्ये ‘एमआयबी१’ (मिबचीच इंग्रजी अक्षरं) टाईप केलं, पहिली दिसली ती अँटीबॉडी मागवली, तीस हजाराच्या आसपास बिल. टॉन्सिलवर लावली तर न्यूक्लियस कोरेच, सायटोप्लाझममध्ये काहीतरी मळकट तपकिरी. दोन दिवस बफर बदल, कुकरचा टाइम वाढव, डायल्यूशन बदल, सगळं करून झालं. शेवटी सिनियरने डेटाशीट उघडली आणि हसायलाच लागली. एमआयबी१ नावाचं एक वेगळंच जीन आहे, माइंड बॉम्ब १, नॉच सिग्नलिंगमधलं (पेशी एकमेकींना निरोप देतात तो एक मार्ग) युबिक्विटिन लायगेज, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनला युबिक्विटिनची खूण लावणारं एन्झाइम, आणि मी त्याची अँटीबॉडी आणली होती. फरक एका हायफनचा! डेटाशीटवर वेस्टर्नचा (प्रोटीन आकारानुसार वेगळं करून दाखवणारी टेस्ट) बँड ११० किलोडाल्टनच्या आसपास दाखवला होता, केआय-६७ असतं ३४५ आणि ३९५ चं, एवढं जरी बघितलं असतं तरी कळलं असतं.

तेव्हापासून ऑर्डर देताना मी आधी प्रोटीन केआय-६७ शोधते, मग त्याखाली क्लोन मिब-१ आहे का बघते, मग ‘ह्यूमन’ आणि ‘पॅराफिन’ हे दोन शब्द. माइंड बॉम्बची व्हायल अजून उणे २० च्या फ्रीजरमध्ये आहे, नॉचवर काम करणारं कुणी असेल तर घेऊन जा.