डिजिटल आवाजाला पायऱ्या नसतात

रेकॉर्डच्या एका बाजूचं शेवटचं गाणं नीट कान देऊन ऐका. गाणाऱ्याच्या 'स' आणि 'श' या अक्षरांना किंचित फाटल्यासारखी धार आलेली असते. पहिल्या गाण्यात ती नव्हती. आवाज तोच, सुई तीच; मग बदललं काय?

बदलला तो सुईखालून सरकणाऱ्या चराचा, म्हणजे रेकॉर्डवर कोरलेल्या बारीक खाचेचा, वेग. एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे घेते, सुई कडेला असो की मध्याजवळ. पण कडेला एका फेऱ्यात सुईखालून साधारण ९२ सेंटिमीटर चर सरकतो, तर लेबलजवळ जेमतेम ३८. तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत बसवावं लागतं. चराची नागमोडी वळणं दाटीवाटीनं येतात आणि सुईच्या टोकाला ती पुरती गिरवता येत नाहीत.

हे आधी सांगतोय, कारण 'रेकॉर्डमध्ये आवाजाची अखंड लाट असते, डिजिटलमध्ये तिचे तुकडे होतात आणि तुकड्यांमधलं संगीत हरवतं' असं मी वारंवार ऐकतो. डिजिटल आवाजाची लाट जिन्याच्या पायऱ्यांसारखी दाखवणारी ती आकृतीही सगळ्यांनी पाहिलेली असते. ती आकृती दिशाभूल करते, आणि तिच्या भरवशावर लोक घरात काय ऐकायचं ते ठरवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कागदावर एका रेषेत नसलेले तीन बिंदू काढा. त्या तिन्हींतून जाणारं वर्तुळ एकच असतं. मधला परीघ कुणी जपून ठेवलेला नसला, तरी तो अंदाजानं भरावा लागत नाही. वर्तुळच काढायचं या अटीमुळे तो आपोआप ठरतो. आवाजाचंही असंच आहे. डिजिटल मुद्रणात ठरावीक क्षणांनी लाटेची उंची मोजून ठेवतात; त्या प्रत्येक मोजमापाला नमुना म्हणतात. लाटेतली सर्वांत वरची कंपनसंख्या नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या नमुन्यांतून जाणारी लाट एकच असते. अभियंते हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये या विचाराचा पाया घातला आणि गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. त्याचं निम्मं २२,०५०. तरुण, निरोगी कानाची मर्यादा सेकंदाला २०,००० कंपनांच्या (हर्ट्झ) आसपास असते आणि वयानुसार ती खाली येते.

हे डोळ्यांनी पाहायचं तर सीडी प्लेअरला ऑसिलोस्कोप, म्हणजे लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, जोडून १०,००० हर्ट्झचा सूर वाजवावा. एका लाटेच्या वाट्याला साडेचारसुद्धा नमुने येत नाहीत, तरी पडद्यावर उमटते ती गुळगुळीत, गोल लाट. पायरी कुठेच नाही. प्रत्येक नमुन्याची उंची ६५,५३६ पातळ्यांपैकी एका पातळीवर आणावी लागते, हे खरं. पण व्यवस्थित केलेल्या मुद्रणात त्या तफावतीची फक्त अतिशय मंद सळसळ होते, सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा सुमारे ९६ डेसिबल खाली. एलपीची खरखर ६० ते ७० डेसिबल खालीच सुरू होते.

रेकॉर्ड कोरतानाही तडजोडी असतात. खर्जाचे सूर जसेच्या तसे कोरले तर चर शेजारच्या चरात घुसेल. म्हणून १९५४ पासून प्रमाण ठरलेल्या पद्धतीनुसार खर्ज कमी करून आणि वरचे सूर वाढवून कोरतात. ऐकताना रेकॉर्ड प्लेअरला लागणारा फोनो प्रीॲम्प हा छोटा ॲम्प्लिफायर ते उलट फिरवतो. 'अखंड लाट' म्हणतात ती चरात मुळातच बदललेल्या रूपात असते.

मग एखादा अल्बम रेकॉर्डवर खरोखरच जास्त छान का वाटतो? तो भास नसतो. बहुतेक वेळा कारण मास्टरिंगमध्ये, म्हणजे छापण्याआधी अंतिम प्रत (मास्टर) तयार करण्याच्या टप्प्यात, सापडतं. १९९० च्या दशकापासून सीडी एकमेकींपेक्षा मोठ्यानं वाजाव्यात म्हणून हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर दाबून टाकायची चढाओढ लागली. ढोलाचा ठोका आणि कुजबुज जवळपास सारख्याच जोरात. चराला असा आवाज पेलणं अवघड, म्हणून रेकॉर्डसाठी कित्येकदा वेगळं, मोकळं मास्टर तयार होतं. आपल्याला आवडतं ते हे मोकळेपण. ते सीडीवरही सहज मावलं असतं. आणि आजच्या कितीतरी रेकॉर्ड डिजिटल मास्टरवरूनच कोरल्या जातात.

डिजिटलवरचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये तिचा अकरावा हिस्साच उरतो. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज त्यात टाकून देतात, आणि झांजेचा झंकार पाण्यात विरघळल्यासारखा होतो. फ्लॅकसारख्या फाइलमध्ये काहीच गळत नाही.

माझं मत सांगतो. हळुवार, संथ संगीतासाठी मी डोळे झाकून डिजिटल निवडेन. एखाद्या अल्बमचं दाबलेलं मास्टरच डिजिटलवर मिळत असेल, तर त्याची रेकॉर्ड घ्यावी. तुलना करताना दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवा. एखाद्या डेसिबलनं मोठा असलेला आवाज कानाला 'चांगला' वाटतो. पैसे हाताशी असतील तर आधी स्पीकरकडे बघा, खोलीत जाड पडदा लावा. त्यानं पडणारा फरक रेकॉर्ड की डिजिटल या फरकापेक्षा कितीतरी मोठा.

आणि रेकॉर्ड ऐकणारच असाल, तर सुई वेळेवर बदला. झिजलेली सुई चराच्या भिंती खरवडते, आणि मग नवी सुई लावली तरी ते ओरखडे ऐकू येत राहतात.