दुसरी आघाडी की नुसती हूल?

रिस्क या जग जिंकण्याच्या खेळाच्या पटावर दक्षिण अमेरिका हातात आली की भल्याभल्यांचे हात शिवशिवतात. ब्राझीलमधून उत्तर आफ्रिकेवर मारा चालूच असतो, त्यात वर व्हेनेझुएलातून मध्य अमेरिका खुणावते. इथे दोन निराळे डाव खेळता येतात आणि त्यांची सर्रास गल्लत होते.

व्हेनेझुएलात चार-पाच आर्मी (फौजेच्या सोंगट्या) मांडल्या आणि फासा टाकलाच नाही, तर ती हूल. समोरच्याला मध्य अमेरिकेत फौज अडकवून ठेवावी लागते. तिथे घुसून मुक्काम ठोकला, तर ती आघाडी. मग अमेरिकेचे पूर्व आणि पश्चिम दोन्ही भाग अंगावर येतात आणि कुमक दोन ठिकाणी वाटावी लागते. ती मिळते तरी किती? भूभागांच्या एक तृतीयांश, निदान 3, वर दक्षिण अमेरिका खंड पुरा हाती असल्याच्या 2.

फासे तर आणखी निष्ठुर. हल्ल्याचे 3 आणि बचावाचे 2 फासे असतील तर समोरच्याच्या दोन आर्मी पडण्याची शक्यता सुमारे 37 टक्के, आपल्या दोन पडण्याची 29 टक्के. म्हणजे पारडं आपलं जड. पण 3 फाशांसाठी त्या भूभागात किमान 4 आर्मी हव्यात. दोनच उरल्या तर एक फासा, आणि त्याने दोन फाशांना हरवण्याची शक्यता जेमतेम 25 टक्के. फौज फोडणारा स्वतःच्या हाताने स्वतःला या 25 टक्क्यांत ढकलतो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

हूल कशी द्यावी, हे आपल्या वैजापूर तालुक्यातल्या पालखेडला शिकावं. 1728 साली निजाम पुण्यात उतरला होता. पहिला बाजीराव पुणं सोडवायला धावला नाही. त्याने निजामाच्याच मुलखात धामधूम केली, बऱ्हाणपूरला धोका असल्याचं भासवलं. निजाम अवजड तोफा मागे ठेवून पाठलागावर निघाला आणि पालखेडला पाण्यावाचून कोंडला गेला. बऱ्हाणपूर जिंकण्यावर बाजीरावाचं काहीच अडून नव्हतं. हूल ओळखायची खूण माझ्या मते हीच: ती कधीही सोडून देता आली पाहिजे.

फौज दुभंगली की काय होतं, ते गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला दिसतं. 10 ऑगस्ट 1763 रोजी निजाम अली गोदावरीच्या पलीकडे आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे होता. नदीला पूर. मराठ्यांनी अलीकडची फौज कापून काढली, दिवाण पडला, पण पलीकडून मदत येऊ शकली नाही. पटावर दोन आघाड्यांमध्ये शत्रूचा मुलूख असला की तोच गोदावरीचं काम करतो.

खरा घात मात्र हळूच होतो. हूल म्हणून ठेवलेल्या तुकडीवर हल्ला होतो, आपण ती वाचवायला दोन आर्मी पाठवतो, पुढच्या डावात आणखी तीन. भूभाग जिंकल्याबद्दलचं कार्ड मिळावं म्हणून एक कमकुवत भूभाग घेतो आणि मग तोच राखत बसतो. आघाडी उघडायची असं न ठरवताच ती उघडलेली असते.

दुसरी आघाडी मी एकाच वेळी उघडतो: पहिलीकडची कुमक पूर्ण थांबवली तरी ती दोन-तीन डाव तग धरेल आणि तेवढ्यात दुसरीकडचा खंड पुरा हाती येईल, तेव्हा. खंड अर्धाच येणार असेल, तर व्हेनेझुएलातल्या आर्मी तिथेच उभ्या बऱ्या.