गृह-अपोहन : रुग्ण व कुटुंबीयांचे स्वास्थ्य

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी काढून टाकण्याची क्रिया (अपोहन, रूढ भाषेत डायलिसिस) रुग्णाने स्वतः किंवा घरच्यांच्या मदतीने राहत्या घरी करणे, यास गृह-अपोहन म्हणतात.

याचा आरंभ कोठे झाला याविषयी एकमत नाही. जपानमध्ये युकिहिको नोसे यांनी १९६१ च्या सुमारास कपडे धुण्याच्या घरगुती यंत्राचा उपयोग करून असे उपचार केल्याचे नमूद आहे. तथापि दीर्घकालीन, नियमित उपचार या अर्थाने १९६४ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वर्षी लंडनमध्ये स्टॅन्ली शाल्डन यांनी व सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या गटाने ही पद्धत रुजवली. शाल्डन यांचा भर रुग्णाने यंत्र स्वतः हाताळण्यावर होता, तर सिॲटलमध्ये रुग्णाबरोबर घरातील मदतनिसासही शिकवले जाई. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण कुटुंबीयांचे श्रम उपचाराचा भाग म्हणून तेथेच गृहीत धरले गेले. पर्युदर अपोहनाची (यात रक्त यंत्रातून न नेता पोटाच्या आतील अस्तराच्या, म्हणजे पर्युदराच्या, साहाय्याने शुद्ध करतात) आजची सतत चालणारी पद्धत पोपोविच व मॉनक्रीफ यांनी १९७६ मध्ये मांडली. भारतात ती १९९१ पासून वापरात आहे.

या पद्धतीत पोटात बसवलेल्या नळीतून सामान्यतः दोन लिटर द्रव आत सोडून काही तासांनी बाहेर काढतात आणि असे दिवसातून तीन-चार वेळा करतात. तीनच पिशव्या धरल्या तरी महिन्याला १८० लिटर द्रवाची खोकी घरात ठेवावी लागतात. लहान घरात हा भार थोडा नव्हे. दर वेळी पंखा बंद करून, मास्क लावून, हात नीट धुऊन नळी जोडावी लागते. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसल्यास पर्युदरशोथाची (पोटाच्या अस्तराला संसर्गाने येणाऱ्या दाहाची) शंका घेऊन त्वरित डॉक्टरांना कळवावे लागते. असा संसर्ग झाला की काळजी घेणारी व्यक्ती, बहुधा पत्नी किंवा आई, स्वतःस दोषी मानते, आणि हा अपराधभाव उपचारादरम्यान विचारला जात नाही, ही खेदाची बाब आहे.

रुग्णालयाची वारंवार वारी टळणे, नोकरी वा शिक्षण चालू ठेवता येणे व आहारावरील बंधने काहीशी सैल होणे हे रुग्णाचे लाभ होत. काळजीवाहकाचा भार मोजण्यासाठी १९८० मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नातेवाइकांकरिता तयार झालेली झॅरिट प्रश्नावली येथेही वापरतात. फ्रान्समध्ये परिचारिका घरी येऊन पिशव्या बदलतात, त्यामुळे वृद्ध जोडप्यांनाही ही पद्धत झेपते. भारताच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचा (२०१६) प्रारंभीचा भर केंद्रांतील रक्त-अपोहनावर (यंत्रातून रक्त फिरवून शुद्ध करण्यावर) होता. पर्युदर अपोहनाच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या.