घरच्या कॉम्प्युटरमध्ये हेर शिरू नये म्हणून
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणाऱ्या मशीनची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: 'स्लो झालाय, जरा फॉरमॅट मारून द्या.' तपासायला घेतलं तर हार्डडिस्क ठणठणीत, रॅमही ठीक. पण मागे नको ती सॉफ्टवेअर चालू असतात. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे स्पायवेअर. ते तुमच्या फाइली बिघडवत नाही की स्क्रीनवर काही दाखवत नाही. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि उघडी राहिलेली लॉगिन उचलून बाहेर पाठवतं. नीट बनवलेलं स्पायवेअर मशीन स्लोसुद्धा करत नाही, त्यामुळे 'आमचा पीसी तर झकास चालतो' म्हणून निर्धास्त राहू नका.

हे येतं कुठून?

बहुतेक वेळा आपणच दार उघडतो. पहिला नंबर क्रॅकचा, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायच्या जुगाडाचा. ऑफिस, टॅली, फोटोशॉप, गेम, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणारं फुकटचं टूल. सोबतच्या सूचनांमध्ये एक ओळ हमखास असते: 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' ती ओळ दिसली की तिथेच थांबा. क्रॅक चालतोही, म्हणूनच कुणाला शंका येत नाही.

मराठी टायपिंगच्या नावाखालीही बराच कचरा मशीनमध्ये येतो. त्याची गरजच नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड आधीच आहेत. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की झालं. जमलं नाही तर आम्हाला विचारा, पैसे घेणार नाही.

दुसरा प्रकार अलीकडचा आणि भलताच चलाख. एखादी साइट उघडता, 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' अशी चौकट येते. तिच्यावर टिक केली की पुढची पायरी: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. टिक करताच साइटने एक कमांड तुमच्या नकळत कॉपी करून ठेवलेली असते; ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. खरी तपासणी फार तर चित्रं निवडायला सांगते, विंडोज-आर दाबायला कधीही सांगत नाही.

मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि काही देशांच्या पोलिसांनी लुमा नावाच्या पासवर्डचोराचं जाळं तोडलं. त्याआधीच्या दोनच महिन्यांत जगभरात ३,९४,००० हून अधिक विंडोज मशीनमध्ये तो सापडला होता. त्याचे रस्ते हेच होते: क्रॅक, बनावट ईमेल आणि ही खोटी तपासणी.

स्क्रीनभर लाल इशारा आला तर

भोंगा वाजतो, माउस हलत नाहीसा वाटतो आणि मधोमध एक फोन नंबर. फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. ऑल्ट आणि एफ४ दाबा, नाही गेलं तर मशीन सरळ रीस्टार्ट करा. फोन केलात तर पलीकडचा माणूस एनीडेस्क (लांबून तुमचं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला सांगतो. एनीडेस्क वाईट नाही, आम्हीही वापरतो. पण तेव्हा फोन तुम्ही आमच्या नेहमीच्या नंबरवर केलेला असतो.

उजव्या कोपऱ्यात सारखे 'व्हायरस सापडला' असे डबे येत असतील तर बहुधा व्हायरस नसतोच. कुठल्या तरी साइटला तुम्ही 'अलाऊ' म्हटलेलं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन ती साइट काढून टाका.

अँटिव्हायरस घ्यायचा का?

आम्ही तो विकतो, तरीही खरं सांगतो: घरच्या साध्या वापराला विंडोजमधला डिफेंडर पुरतो, अट एवढीच की तो चालू असावा आणि अपडेट थांबवलेले नसावेत. विकतचा घ्यायचा तर एकच घ्या. दोन एकमेकांच्या पायात पाय घालतात. अपडेटचं महत्त्व २०१७ मध्ये दिसलं. वॉनाक्राय हा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस मे महिन्यात पसरला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे तशा मशीनवर बँकेचे व्यवहार करण्याआधी आमच्याशी बोला.

फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून ठेवा.

शंका आली तर

आधी इंटरनेट बंद करा. मग फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, ईमेलच्या सेटिंगमधून सगळीकडचं लॉगआउट करा आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं सेटिंग) सुरू करा. नुसतं फॉरमॅट मारून भागत नाही. चोरीला गेलेला पासवर्ड फॉरमॅटने परत येत नाही. डिफेंडरमध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे, तो मशीन रीस्टार्ट करून साधारण १५ मिनिटांत तपासणी करतो.

पैसे गेले असतील तर आमच्याकडे येण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन (cybercrime.gov.in) वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून तिथे मिनिटांना किंमत आहे. त्यानंतर मशीन घेऊन या. सोबत फक्त विंडोजचा पिन सांगा, बँकेचा पासवर्ड आम्ही मागितला तरी देऊ नका.