माती लाल राहिली, झाडं निळी झाली

गोव्यातल्या जुन्या चित्रकर्ती कोण, असं विचारलं तर बहुतेकांची गाडी अँजेला त्रिंदाद (1909–1980) या नावापाशी थांबते. तिच्या आणि तिच्या वडिलांच्या मागे निदान संग्रह उभा राहिला. पणजीत फोंतेन्हासला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेने तो जपला आहे. बाकी कितीजणींची निसर्गचित्रं घरच्या पेट्यांत आणि दिवाणखान्यांत पडून असतील!

असं एखादं चित्र प्रदर्शनात आलं की मी आधी झाडं पाहते. जुन्या जलरंगांत माडाच्या झावळ्या कधी कधी चक्क निळसर दिसतात. हिरवा रंग निळ्यात पिवळा मिसळून केलेला असतो. तो पिवळा वनस्पतीपासून काढलेला असेल तर प्रकाशाने त्याचे रेणू मोडतात आणि मागे निळा उरतो. संध्याकाळच्या आभाळातला किरमिजी गुलाबीही असाच उडून जातो. वाटेवरची तांबडी माती मात्र ताजी! त्या रंगात लोहाचं ऑक्साइड असतं, आपल्या जांभ्या दगडाला तांबडा करणारं. प्रकाश त्याला सहसा हात लावू शकत नाही.

मूळ हिरवा कसा होता, हे चौकटीच्या काठाखाली सापडतं. तिथे ऊन पोचलेलं नसतं.

मग पेटीतला अंधार बरा? गोव्यात नाही. 1888 साली इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी जलरंगांवर प्रयोग केले. दमट हवेत रंग लवकर उडाले, निर्वात नळीत बहुतेक टिकले. आपल्या पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते. बंद पेटीत रंग वाचला तरी कागदाला बुरशी धरते.

प्रदर्शनात जलरंगांसाठी साधारण 50 लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात. आठ तासांत होतात 400 लक्स-तास. भर दुपारच्या उन्हात, 1,00,000 लक्स धरले तर, तेवढा प्रकाश पंधरा सेकंदांच्या आत पडतो. म्हणून दालन अंधारं वाटलं तरी कृपा करून दिवे वाढवायला सांगू नका.

घरी असं चित्र असेल तर ते पुसू नका, आधी मागच्या बाजूचा फोटो काढा. लग्नानंतर आडनाव बदललं की एकाच बाईची चित्रं दोन अनोळखी नावांत विभागली जातात. पुसट झालेली पेन्सिलची सहीसुद्धा अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेऱ्यात अनेकदा वाचता येते, कारण पेन्सिलीतला कार्बन ते किरण शोषतो आणि काळा उमटतो.