घटनाकारांचा हेतू वेगळा, शब्दांचा मूळ अर्थ वेगळा

न्यायाधीशांच्या नेमणुकांवर वाद पेटला की कुणीतरी डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं २४ मे १९४९ चं भाषण काढतं. "बघा, सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार देणं त्यांनी धोकादायक म्हटलं होतं." समोरचा म्हणतो, "पण घटनाकारांचा हेतू न्यायालयं स्वतंत्र ठेवायचाच होता ना?" आपण घटनेचा मूळ अर्थ सांगतोय, अशी दोघांचीही खात्री असते. खरं तर दोघंही हेतू सांगत असतात, अर्थाकडे अजून कुणी वळलेलंच नसतं. मूट कोर्टाची, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यांची, मेमोरियल (लेखी युक्तिवाद) तपासताना या घोळाखाली मी इतक्यांदा रेघ मारली आहे की आता एकदा नीट लिहूनच काढतो.

घटना लिहिली गेली त्या वेळच्या अर्थानेच वाचायची, की काळाबरोबर तिचा अर्थ वाढू द्यायचा, हा मोठा वाद तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या बाजूला अमेरिकेत ओरिजिनॅलिझम म्हणतात, दुसरीला 'जिवंत घटना'. टेक्स्च्युअलिझम हे नावही सोबत येतं. तो म्हणतो शब्दांना धरून राहा. ते शब्द कोणत्या काळाच्या कानाने ऐकायचे, हे ओरिजिनॅलिझम सांगतो. यावर अधिक जागा घालवण्याची गरज नाही.

ठेच लागते ती ओरिजिनॅलिझमच्या पोटात. हेतू म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं. मूळ अर्थ म्हणजे तो मजकूर त्या काळच्या जाणत्या वाचकाला काय सांगत होता. पहिला प्रश्न मनाचा, दुसरा भाषेचा. बरेचदा दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून फरक लक्षात येत नाही.

अमेरिकेतल्या अभ्यासकांना हा फरक नाइलाजाने करावा लागला. १९८५ मध्ये तिथले ॲटर्नी जनरल एडविन मीस यांनी घटनाकारांच्या मूळ हेतूचा जाहीर पुरस्कार केला. पण कायद्याचे अभ्यासक पॉल ब्रेस्ट यांनी १९८० मध्येच अडचण दाखवून दिली होती: हेतू नेमका कुणाचा? मसुदा लिहिणाऱ्यांचा, की त्याला मंजुरी देणाऱ्या राज्यांमधल्या प्रतिनिधींचा? आणि इतक्या डोक्यांतले हेतू जोडून एक हेतू तयार कसा करायचा? शिवाय अमेरिकेची घटना जिथे लिहिली गेली ते १७८७ चं फिलाडेल्फियाचं अधिवेशन बंद दाराआड झालं. तिथले एक प्रमुख घटनाकार मॅडिसन यांनी घेतलेली टिपणं छापली गेली १८४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. ज्या जनतेने घटना स्वीकारली, तिने ती टिपणं पाहिलीच नव्हती. मग त्यातला हेतू तिच्यावर बंधनकारक कसा? १९८६ मध्ये न्यायाधीश अँटोनिन स्कालिया यांनी आपल्याच बाजूच्या लोकांना सांगितलं की 'मूळ हेतू' हे नाव सोडा, 'मूळ अर्थ' म्हणा. हा बदल नुसत्या पाटीचा नव्हता. पुरावा कुठे शोधायचा आणि तो कशासाठी वापरायचा, हेच त्याने बदललं.

आपल्याकडे संविधान सभेच्या चर्चा छापील खंडांत हाताशी आहेत, त्यामुळे हेतूचा मोह जास्त. म्हणून पुन्हा त्या २४ मेच्या भाषणाकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीबद्दलच्या कलम १२४ मध्ये शब्द आहे 'कन्सल्टेशन', म्हणजे विचारविनिमय. त्याऐवजी 'कन्करन्स', म्हणजे सहमती, हवी अशी सूचना सभेत आली होती. आंबेडकरांनी ती नाकारली. सरन्यायाधीशांच्या गुणांबद्दल शंका नाही, पण तेही माणूसच आहेत, आणि राष्ट्रपतींना किंवा सरकारला जो अधिकार द्यायला आपण तयार नाही तो त्यांना देणं धोक्याचं, असा त्यांचा मुद्दा होता.

आता हेच भाषण दोन प्रकारे वापरता येतं. हेतूवाला म्हणतो, आंबेडकरांना नकाराधिकार नको होता, विषय संपला. त्याला मी विचारतो, आंबेडकरांना नको होता, पण सह्या २८४ सदस्यांनी केल्या, त्यांचं काय? मूळ अर्थवाला त्याच पानावर वेगळंच शोधतो. एकाच चर्चेत, एकाच वाक्याबद्दल बोलताना, सभा 'विचारविनिमय' आणि 'सहमती' हे दोन शब्द एकमेकांसमोर ठेवून त्यांतला एक निवडत होती. म्हणजे त्या भाषेत, त्या वर्षी, हे दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते. इथे आंबेडकर घटनेचे मालक म्हणून पुढे येत नाहीत, त्या काळच्या कायद्याच्या भाषेचे एक उत्तम साक्षीदार म्हणून येतात. ही साक्ष २८४ मनांचा ठाव न घेताही टिकते. म्हणूनच मला मूळ अर्थाची वाट जास्त पक्की वाटते.

१९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिलं आणि कॉलेजियमची, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नेमणुकांची नावं सुचवण्याच्या पद्धतीची, वाट मोकळी झाली. माझं स्पष्ट मत असं की न्यायालयीन स्वातंत्र्याच्या तत्त्वावर या निकालाचं समर्थन होऊ शकतं, 'विचारविनिमय' या शब्दाच्या मूळ अर्थावर होत नाही.

मूळ अर्थ पकडला तरी एक घसरण उरते: अर्थ आणि अपेक्षा. अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये कायद्याचं समान संरक्षण दिलं. त्याच काळात राजधानी वॉशिंग्टनमध्ये काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, आणि त्या तशाच राहतील असं दुरुस्ती करणाऱ्यांपैकी अनेकांनी धरून चाललं असणार. म्हणून शाळांमधली ही विभागणी घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटल्याचा निकाल मूळ अर्थाविरुद्ध ठरतो का? नाही. त्यांनी लिहिलं 'समान संरक्षण', 'आम्हाला आज समान वाटतं तेवढंच संरक्षण' असं लिहिलं नाही. कायद्याचे तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी स्कालियांना याच मुद्द्यावर घेरलं होतं, आणि इथे मी ड्वॉर्किन यांच्या बाजूने आहे.

आपल्या घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्कात, या सगळ्याची कसोटी लागते. सभेने 'ड्यू प्रोसेस' (कायद्याची प्रक्रिया रास्तही असावी, असं सांगणारे अमेरिकी घटनेतले शब्द) हे शब्द समजून-उमजून सोडले आणि 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' हे घेतले. १९५० मध्ये गोपालन खटल्यात सरन्यायाधीश कनिया यांनी सांगितलं की सदस्यांची भाषणं अर्थ लावायला चालणार नाहीत, मात्र ते शब्द विचारात घेऊन वगळले गेले याची नोंद घेता येईल. हेतू आणि अर्थ यांतली रेघ त्यांना तेव्हाच दिसली होती. १९७८ मध्ये मेनका गांधी खटल्यात न्यायालयाने ही कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवीही असली पाहिजे असं ठरवलं. त्या निकालामुळे तुरुंगातल्या माणसाला जे मिळालं ते मला मोलाचं वाटतं. पण तो निकाल जिवंत घटनेच्या विचाराचा आहे आणि त्याच नावाने त्याची बाजू मांडायला हवी. 'घटनाकारांना हेच म्हणायचं होतं' असं त्याखाली लिहिलेलं मेमोरियल आलं की मी अजूनही तिथे थांबतो आणि समासात लिहितो: कुठल्या पानावर?